सोबत आलेला माणूस : तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराचे प्रकरण

या प्रकरणातील रुग्ण माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा कधी आले, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. केसपेपरवर पहिली तारीख ८ डिसेंबर २०२२ अशी आहे. प्रत्यक्षात ते २०१६ पासून दर महिन्याला माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसत होते. त्यांच्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि तिला मोटरसायकलवर मागे बसवून आणणे, माझे बोलणे ऐकून घेणे, गोळ्या घेऊन परत नेणे हे काम त्यांचे होते. सहा वर्षांत सत्तरेक वेळा हा माणूस माझ्यापासून चार फुटांवर बसला. आईचा, पत्नीचा आणि दोन्ही मुलींचा केसपेपर आमच्याकडे होता, त्यांचा नव्हता. तो का नव्हता, हा या लेखाचा विषय आहे, आणि त्याच्या उत्तरात माझाही वाटा आहे.

रुग्णाच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे ज्या नात्याने हाक मारतात त्याच नात्याने, म्हणजे अण्णा म्हणूनच, त्यांचा उल्लेख येथे करतो. वय ४६, शिक्षण बारावी, तीन एकर द्राक्षबाग, एकत्र कुटुंबातून वेगळे निघाल्याला अकरा वर्षे झालेली. धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत, आई यांच्याकडे.

त्या दिवशी आईंचा रक्तदाब मोजण्याआधीच त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ह्याच्या पायाकडं जरा बघा की. मोजा काढला की घरात वास मारतोय." अण्णांनी पाय बाकाखाली ओढला आणि म्हणाले, "आधी तुझं बघू दे, आई." मी आईंचे आधी पाहिले. सवयीने.

उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, सुमारे अडीच सेंटिमीटरची खोल जखम होती. कडा जाड आणि पांढऱ्या पडलेल्या होत्या, तळाशी घाण साचली होती. कधी लागले असे विचारल्यावर उत्तर आले, "अडतिसाव्या दिवशी." द्राक्षाच्या पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की हा दिवस फळछाटणीपासून मोजलेला आहे. आमच्या भागात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागायतदाराचे कॅलेंडर बदलते. तारखा मागे पडतात आणि तो "आज बाग कितव्या दिवसात आहे" या हिशेबाने जगतो. अण्णांची छाटणी ८ ऑक्टोबरला झाली होती. अडतिसावा दिवस म्हणजे ऐन फुलोरा. त्या काळात ढगाळ हवा आली आणि डाऊनी या बुरशीने घड धरला तर वर्ष गेले, म्हणून फवारणीला रात्र-दिवस राहत नाही. त्या दिवशी गमबुटात मांडवाच्या तारेचा तुटका तुकडा गेला होता. संध्याकाळी बूट काढल्यावर मोजा रक्ताने भिजलेला दिसला, तेव्हा त्यांना कळले. दिवसभर तार पायात रुतत होती आणि दुखले मात्र नव्हते. त्यांनी हळद दाबली, वर कापड बांधले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट घातला. (हळदीवरचा विश्वास सांगलीकराकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही, आणि तसा प्रयत्नही मी करत नाही.) माझ्याकडे पाय दाखवला तो एकसष्टाव्या दिवशी. मधले तेवीस दिवस ते त्याच पायावर चालत होते.

बोटातून काढलेल्या रक्तात साखर ३७२ निघाली. नंतर प्रयोगशाळेतून तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, जिला आता रुग्णही एचबीएवनसी असेच म्हणतात, ती ११.८ टक्के आली, ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आली की मधुमेहाचे निदान होते. रक्तदाब १५२/९६ होता. तळपायावर नायलॉनचा बारीक धागा टेकवून स्पर्श तपासला, तेव्हा दहापैकी सात जागी त्यांना काहीही कळले नाही. पायाच्या नाड्या मात्र चांगल्या लागत होत्या आणि एक्स-रेमध्ये हाड सुरक्षित दिसले, म्हणून पाय वाचण्याची आशा धरता आली. डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवातीचे बदल होते. हे सारे काही तेवीस दिवसांत घडत नाही. संवेदना इतकी जायला आणि पडद्यावर खुणा उमटायला वर्षे लागतात. म्हणजे ते आईला घेऊन येत होते त्या भेटींपैकी बऱ्याच भेटींत हा आजार त्यांच्यासोबत माझ्या खोलीत येत होता.

लक्षणांची दुसरी नावे

पहिल्या पंधरवड्यात मी त्यांच्याशी सविस्तर बोललो तेव्हा माझी अपेक्षा अशी होती की मधुमेहाची लक्षणे त्यांना माहीत नसतील. ती त्यांना माहीत होती. चुलते मधुमेहाने गेले होते, अंगठा काढल्यावर. तहान, वारंवार लघवी, वजन घटणे हे त्यांनी स्वतः मला सांगितले. अडचण अशी होती की स्वतःच्या बाबतीत यातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे आधीच एक चांगले, मानाचे नाव होते.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही. साखर लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते, म्हणून रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. अण्णा दोन वर्षे असे उठत होते. पण शेतीपंपाची वीज आमच्याकडे एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री अशी फिरते आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर चालू करायला, वीज गेली-आली पाहायला बागायतदार उठतोच. जाग येते ती जबाबदार माणसाला येते, अशी त्यांची समजूत होती आणि घरच्यांचीही. पत्नीने मला सांगितले, "ह्यांना झोपच नाही लागत हो, बागेची काळजी." त्या काळजीचे तिला कौतुक होते. उठल्यावर ते तांब्याभर पाणी पीत, तेही दिवसभर उन्हात घाम गाळलेल्या माणसाने प्यावे तितकेच वाटे.

वजन चौऱ्याहत्तरवरून त्रेसष्टवर आले होते. याच काळात गावातले त्यांच्या वयाचे पुरुष पोटाने सुटत चालले होते आणि पारावर अण्णांचे उदाहरण दिले जाई, की बघा, अजून अंगावर चरबी नाही, कसा काटक राहिला आहे. तळपायाच्या बधिरपणाला त्यांनी "कष्टाचा पाय" म्हटले होते. अनवाणी वाढलेल्या माणसाला काटा टोचत नाही हे त्यांनी वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकले होते. औषधाच्या बाटलीवरचे बारीक प्रमाण वाचता येईना, तेव्हा ते धाकट्या मुलीकडून वाचून घेऊ लागले आणि कंपन्या मुद्दाम बारीक छापतात असे म्हणू लागले. थकव्याला तर नावाचीही गरज नव्हती. हंगामात कोण थकत नाही?

वैद्यकीय शिक्षणात आम्हाला लक्षणांची यादी पाठ करायला लावतात आणि रुग्ण ती लपवतो किंवा दुर्लक्षित करतो असे शिकवतात. येथे लपवणे नव्हते. या माणसाने प्रत्येक लक्षण पाहिले होते, घरच्यांनी पाहिले होते, गावानेही पाहिले होते. कर्त्या पुरुषाच्या अंगावर ते शोभून दिसले, एवढेच. त्याच तक्रारी त्यांच्या पत्नीला असत्या, ती रात्री चार वेळा उठत असती आणि दोन वर्षांत तिचे अकरा किलो वजन घटले असते, तर याच घराने तिला महिनाभरात माझ्याकडे आणले असते, असे मला वाटते. यावर कोणी असे म्हणेल की आमच्या भागात बायकांच्या आजारपणाकडेही दुर्लक्षच होते. तेही खरे आहे. पण त्या दुर्लक्षाची जात वेगळी आहे. बाईच्या दुखण्याला घर किंमत देत नाही. पुरुषाच्या दुखण्याला घर दुखणे म्हणून ओळखतच नाही.

कोण कोणाचे मोजतो

तुमचे शरीर शेवटचे कोणी तपासले होते, असे मी त्यांना विचारले. त्यांनी आठवून सांगितले की १९९५ साली, सैन्यभरतीच्या वेळी. सातारा-सांगलीकडच्या मुलांना हा अनुभव नवा नाही. एकोणीस वर्षांच्या अण्णांची उंची, वजन घेतले गेले, छाती मोजली गेली. ७७ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर अधिक, हे आकडे सत्तावीस वर्षांनंतरही त्यांना पाठ होते. धावण्यात ते मागे पडले आणि परत आले. त्यानंतर ८ डिसेंबर २०२२ पर्यंत त्यांचा रक्तदाब कोणी मोजला नव्हता.

या सत्तावीस वर्षांत त्यांच्या पत्नीच्या दोन गरोदरपणांत तिचे रक्त, रक्तदाब, वजन, लघवी अनेकदा तपासली गेली. ती तपासणी आईसाठी कमी आणि पोटातल्या बाळासाठी जास्त असते, ही तक्रार रास्त आहे. तरी त्या निमित्ताने बाईचे नाव एका नोंदवहीत जाते. पुरुषाच्या आयुष्यात शाळेतील तपासणी आणि अतिदक्षता विभाग यांच्या दरम्यान असे एकही स्थानक नाही. शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांसाठी चाचपणी अपेक्षित आहे आणि आशाताई त्यासाठी घरोघरी जाऊन अर्ज भरतात. त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घराण्यातला आजार आणि कंबरेचा घेर विचारलेला असतो. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर गेला की गुण वाढतात. अर्ज चांगला आहे. पण आशाताई सकाळी अकराला येते तेव्हा अण्णा बागेत असतात, आणि असलेच तरी ती गावचीच सून, नात्याने भावजय लागते. तिने दिराच्या कंबरेला टेप लावायचा आणि त्याने तिला दारूचा हिशेब द्यायचा, हे आमच्या गावात घडणार नाही. अण्णांचा अर्ज त्यांच्या पत्नीने सांगून भरला होता. तंबाखूपुढे "नाही" लिहिले होते.

देशपातळीवरही मोजमापाची तऱ्हा अशीच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि १,०१,८३९ पुरुषांच्या. त्या पाहणीचा मूळ हेतू माता-बालआरोग्य हा असल्याने हे प्रमाण समजण्यासारखे आहे आणि तो हेतू चुकीचा होता असे मी मुळीच म्हणत नाही. माता आणि बालकांचे मृत्यू कमी झाले ते अशाच लक्ष घालण्यामुळे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये अठरा वर्षांवरील स्त्रियांसाठी "माता सुरक्षित, तर घर सुरक्षित" हे अभियान घेतले आणि पुढच्या वर्षी पुरुषांसाठी वेगळे तपासणी अभियान काढले. म्हणजे ही पोकळी कोणालाच दिसली नव्हती असे नाही. अंतराची सबब तर आमच्या भागाला अजिबात शोभत नाही. मिरजेत १८९४ साली मिशनचे रुग्णालय सुरू झाले, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि कर्नाटकातून रुग्ण जिथे रेल्वेने येतात ती मिरज अण्णांच्या गावापासून तासाभरावर आहे.

आता दुसरी बाजू. अण्णा दर हंगामात माती परीक्षण करतात. देठ परीक्षण करतात. म्हणजे ठरावीक दिवशी ठरावीक पानांचे देठ गोळा करून प्रयोगशाळेला पाठवतात आणि त्यातील नत्र, पालाश, मॅग्नेशियमचे आकडे पाहून खताचा डोस बदलतात. त्यांची एक एकर बाग निर्यातीसाठी ग्रेपनेटवर नोंदलेली आहे. ही व्यवस्था २००६ पासून चालू आहे आणि तिच्यात बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, फवारणीची नोंद आणि काढणीपूर्वी अवशेषांची तपासणी हे सारे येते. कोणते औषध, किती मिली, कितव्या दिवशी, काढणीला किती दिवस बाकी, हे सर्व त्यांच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे. ती वही मी पाहिली आहे. माझे केसपेपर तिच्यापुढे लाजतील. ज्या माणसाला पानावरचा तेलकट डाग पहाटेच्या उजेडात दिसतो, त्याला निरक्षर किंवा बेफिकीर म्हणून मोकळे होता येत नाही.

न विचारलेला प्रश्न

चौथ्या भेटीला ते एकटे आले. मलमपट्टी झाल्यावर उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरून म्हणाले, "आणि एक होतं, डॉक्टर. घरचं तसं काही राहिलं नाही आता." मला समजायला क्षणभर लागला. लैंगिक ताठरता कमी होऊन अडीच वर्षे झाली होती. म्हणजे रात्रीच्या लघवीच्याही आधी, वजन घटण्याच्याही आधी शरीराने पहिला निरोप दिला होता तो हा.

वैद्यकशास्त्रात याचे स्पष्टीकरण साधे आहे. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला साखरेने, तंबाखूने इजा होऊ लागली की बारीक नळ्या आधी अपुऱ्या पडतात. त्यात मधुमेहाने मज्जातंतूही दुखावतात. म्हणून चाळिशीतल्या पुरुषाची ही तक्रार म्हणजे साखर, रक्तदाब आणि हृदय तपासण्याची सूचना असते आणि हृदयविकाराच्या काही वर्षे आधीही ती मिळू शकते. पण ही तक्रार पुरुषपणाच्या नेमक्या मर्मावर बसते. अण्णांनी ती अडीच वर्षे कोणालाही सांगितली नाही. त्यांनी एस.टी. स्टँडवरच्या भिंतीवरची जाहिरात पाहून एकाकडून बिनलेबलच्या गोळ्या आणल्या, एका वेळेचे पंधराशे रुपये देऊन, आणि त्या कधी लागू पडत, कधी पडत नसत. अशा पुड्यांमध्ये सिल्डेनाफिलसारखे ताठरता आणणारे औषध न सांगता मिसळलेले आढळते. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीशी त्याची गाठ पडली तर रक्तदाब एकदम कोसळतो. अण्णांचे वय, तंबाखू आणि रक्तदाब पाहता ही वेळ त्यांच्यावर येणे अशक्य नव्हते, आणि तेव्हा कोणत्याही डॉक्टरला त्या पुड्यांविषयी कळले नसते.

या पोटात ठेवलेल्या गोष्टीचा दोष मी त्यांच्यावर टाकत नाही. पहिल्या भेटीत मी सगळे प्रश्न आईसमोर विचारले होते. तंबाखू खाता का, या प्रश्नावर त्यांनी मान हलवली ती आईकडे बघून. शिवाय बोलायचे तरी कोणत्या शब्दांत? मराठीत या विषयासाठी एक तर पाठ्यपुस्तकी शब्द आहेत किंवा शिव्या आहेत. मधल्या जागेत "कमजोरी", "ताकद", "अशक्तपणा" असे पांघरूण घेतलेले शब्द तेवढे सापडतात. त्यामुळे कोणी कमजोरी म्हणाला की आम्ही डॉक्टर टॉनिक लिहून देतो आणि दोघेही सुटकेचा श्वास घेतो. मी असे टॉनिक किती पुरुषांना लिहून दिले असेल, याचा विचार त्या दिवसानंतर मला पुष्कळदा छळतो.

पायावर भार नको

तळपायाच्या अशा जखमेवरचा मुख्य उपचार औषध नाही. मेलेली कातडी कापून काढणे, जंतुसंसर्ग आवरणे आणि साखर खाली आणणे आवश्यक असते, पण त्या जागेवर शरीराचा भार पडत राहिला तर हे सगळे व्यर्थ जाते. मी सांगितले, सहा ते आठ आठवडे उजव्या पायावर चालायचे नाही. अण्णांनी हे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे बागेत जायचं नाही?" बाग एकसष्टाव्या दिवसात होती, पुढे मणी फुगवण्याचे डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणे, विरळणी, टोळ्यांचे पगार, व्यापाऱ्याशी बोलणी. पाय आणि बाग यांतले एक निवड, असे मी त्यांना सांगत होतो. सल्ला म्हणून तो अचूक होता आणि पाळता येण्याजोगा नव्हता.

इन्सुलिनला त्यांचा विरोध अपेक्षेपेक्षा कमी झाला. इन्सुलिन सुरू झाले म्हणजे माणूस संपला, ही चुलत्यांच्या आजारपणातून आलेली समजूत होती. ती पत्नीने मोडली. तिने पहिल्या दिवशी सुई हातात घेतली आणि पुढे रोज दोन वेळा तीच देत राहिली. अट एकच होती, आईला आणि भावकीला कळता कामा नये. थोरल्या मुलीचे स्थळ बघणे चालू होते. "बापाला साखर" हे वाक्य बैठकीत निघाले तर काय, अशी धास्ती होती. फ्रिजमधली बाटली भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीमागे ठेवली जाई.

तिसऱ्या आठवड्यात जखम पुन्हा उघडली. मी रागावलो. "चालू नका म्हटलं होतं ना, अण्णा?" त्यावर पत्नीने जे सांगितले, त्याने या प्रकरणाकडे पाहण्याची माझी रीत बदलली. विरळणीच्या टोळीचे पैसे द्यायचे होते. बँकेतले खाते अण्णांच्या एकट्याच्या नावावर. सोसायटीत काही कागदांवर सही हवी होती. सातबाऱ्यावर नाव त्यांचे एकट्याचे, म्हणून सही त्यांचीच. औषधदुकानातली उधारी त्यांच्या शब्दावर. व्यापारी फोनवर बोलतो तो त्यांच्याशी. वहिनींनी फोन घेतला तर "अण्णांना द्या" म्हणतो. बागेतले निम्म्याहून अधिक काम ही बाई करत होती आणि कितव्या दिवशी काय फवारायचे हे तिला तोंडपाठ होते, पण शंभर रुपये काढायचे तरी त्या पायाला बँकेची पायरी चढणे भाग होते.

पुरुषाची भूमिका म्हणजे त्याच्या डोक्यातला हट्ट, अशी माझी तोवर समजूत होती, आणि समुपदेशन करून तो सैल करता येईल असे वाटत होते. ती भूमिका सातबाऱ्यावर, पासबुकावर आणि सोसायटीच्या रजिस्टरवरही लिहिलेली असते, हे मला त्या दिवशी दिसले. अण्णांनी हट्ट सोडला असता तरी सही करायला तेच जाणार होते.

तेव्हा काही साध्या गोष्टी केल्या. बँक खाते दोघांच्या नावे करून घ्यायला सांगितले. ते आठवड्यात झाले. बागेच्या कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवून अण्णा बसून लक्ष ठेवू लागले. हे वैद्यकीय दृष्ट्या आदर्श नव्हते, पण पाय वर राहत होता. एमसीआर या मऊ, सच्छिद्र रबराची, जखमेच्या जागी खाच ठेवलेली चप्पल मिरजेहून करून आणली. आणि फवारणीच्या वहीतच शेवटची दोन पाने आखून घेतली, दिवस, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, इन्सुलिनचे युनिट. मी त्यांना म्हणालो, "देठ परीक्षण समजा." ते हसले आणि दुसऱ्या दिवसापासून नोंदी सुरू झाल्या, "७९ वा दिवस, उपाशी १८८" अशा. जखम नऊ आठवड्यांत भरली. १० मार्च २०२३ ला तीन महिन्यांची साखर ८.१ पर्यंत उतरली होती. तंबाखू पूर्ण सुटली नाही, निम्म्यावर आली.

मार्च

येथे लेख संपवला असता तर प्रकरण यशस्वी ठरले असते. पण त्याच महिन्याच्या मध्यावर राज्यभर अवकाळी पाऊस झाला. अण्णांची निर्यातीची एक एकर आधीच उतरली होती. उरलेल्या दोन एकरांचा माल बेदाण्यासाठी रॅकवर होता. ओला झालेला माल काळा पडला. बेदाण्याचा भाव रंगावर ठरतो, त्यामुळे तासगावच्या सौद्यात त्याला जो दर मिळाला त्यात शेडचा खर्चही निघाला नाही.

त्यानंतर अण्णा आले नाहीत. एप्रिलमध्ये आई शेजारच्या मुलासोबत आल्या, मेमध्ये आल्याच नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्नी त्यांना घेऊन आली. तीन महिन्यांची साखर ९.७ होती. इन्सुलिन मार्चअखेर बंद केले होते. वहीतली शेवटची नोंद पावसाच्या आदल्या दिवसाची होती. त्यापुढे फवारणीचीही नोंद नव्हती आणि साखरेचीही.

मी कारण विचारले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्हीच म्हटला होता, बाग चालवायची तर पाय टिकला पाहिजे. बागच गेली की."

मी खरोखरच तसे म्हटले होते. एकदा नव्हे, दर भेटीला म्हटले होते, कारण त्याचा उपयोग होत होता. घरासाठी जगा, मुलींसाठी जगा, बागेसाठी पाय सांभाळा. पुरुष रुग्णाला उपचाराला लावण्याची ही आमची हमखास वापरातली युक्ती आहे आणि आरोग्यशिक्षणाच्या फलकांवरही हेच लिहिलेले असते. यात शरीराची किंमत त्याने कमावण्यावरून ठरते, ही रुग्णाची मूळ समजूत आम्ही जशीच्या तशी उचलतो आणि तिलाच गोळ्यांचे पाकीट बांधतो. चांगल्या वर्षी ते निभते. पीक गेले, नोकरी सुटली, मुले वेगळी निघाली की अवजार कोपऱ्यात पडते आणि पडलेल्या अवजाराला तेल कोण घालणार? अण्णांच्या तर्कात चूक काढता येत नव्हती. तो तर्क माझाच होता.

त्या दिवशी मी त्यांच्या मनःस्थितीविषयी सरळ विचारले. झोप, भूक, जगावेसे न वाटणे, जीव देण्याचे विचार, सगळे. हा प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात घुसतो, ही भीती निराधार आहे आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला तो न विचारणे हा हलगर्जीपणा आहे. जीव देण्याचा विचार नव्हता. "कशात राम वाटत नव्हता" इतकेच ते म्हणाले. फवारणीची औषधे काही महिने पत्नीच्या कुलपात ठेवायचे दोघांनी मान्य केले आणि मिरजेतील एका मनोविकारतज्ज्ञाकडे ते दोनदा जाऊन आले, गावात "डोळे दाखवायला" असे सांगून. मी आक्षेप घेतला नाही.

पुढच्या काळात मी बागेचे नाव काढणे बंद केले. त्याऐवजी काय बोलावे हे मला लगेच सुचले नाही. शेवटी पायाबद्दलच बोलू लागलो, म्हणजे रात्री चटके बसतात का, गार फरशी कळते का, शेवटचे आवडीने काय खाल्ले. या प्रश्नांना सुरुवातीला ते बुजत. मग एकदा आपणहून सांगितले की डाव्या पायाला नदीच्या पाण्याचा गारवा थोडासा कळला. औदुंबरला गेले होते, कृष्णेत पाय सोडून बसले होते. त्या भेटीची नोंद मी केसपेपरवर शब्दशः केली आहे, जरी तिला वैद्यकीय अर्थ फारसा नसला तरी.

त्याच पावसाळ्यात त्यांनी तलाठ्याकडे पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचा अर्ज दिला. लक्ष्मीमुक्ती या नावाने ही सोय १९९२ पासून आहे आणि माझ्या पाहण्यातल्या फार थोड्या घरांनी ती वापरली आहे. नोंद व्हायला वेळ लागला, भावकीत कुजबूज झाली, आईंनी दोन दिवस अबोला धरला. आईंना साखरेचे तेव्हाच कळले आणि त्या म्हणाल्या ते असे, "मला म्हाईत हुतं. कोथिंबिरीत बाटली कोण ठेवतंय?" पुढच्या हंगामापासून दर चौथ्या दिवशी अण्णा बागेत जात नाहीत, त्या दिवशी फवारणीची वही पत्नीच्या अक्षरात असते. साखर सध्या साडेसात ते आठच्या दरम्यान आहे. ती सातच्या खाली यावी असे मला वाटते. ती अजून येत नाही.

दवाखान्यात आम्ही एक बदल केला. रुग्णासोबत जो कोणी तिशीच्या पुढचा पुरुष येईल, त्याला बाहेरच्या बाकावर वजनकाट्यावर उभे करायचे, कंबर आणि रक्तदाब मोजायचा, बोटातून एक थेंब घ्यायचा आणि त्याच्या स्वतःच्या नावाने केसपेपर काढायचा. आत आल्यावर दोन मिनिटे त्याच्याशी एकट्याने बोलायचे, म्हणजे सोबतच्या आईला, पत्नीला बाहेर थांबवायचे. हा भाग सगळ्यात अवघड जातो, कारण बायकांना वाटते आपल्यापासून काही लपवले जात आहे. बरेच जण तयार होतात. बरेच जण होत नाहीत. काउंटरवरची मुलगी रोज एकदा तरी ते वाक्य ऐकते आणि मला आत ऐकू येते : "मला काय धाड भरलीय? मी आईला घेऊन आलोय."